वारं नको, हवा पाहिजे

आमच्याकडे अर्धांगवायूला अर्धांगवायू कोणी म्हणत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरून रक्ताची गुठळी कुठे अडकली ते समजावलं, तरी गाडी घरी पोहोचेपर्यंत त्याचं वारंच झालेलं होतं. आणि एकदा वारं म्हटलं की ते कुठून तरी आत शिरलं असणार, शिरलं म्हणजे कोणीतरी त्याला वाट करून दिली असणार. आमच्या घरात ती वाट मी करून दिली, असं दोन वर्षांपूर्वी ठरलं.

देवळाली प्रवराच्या बाहेर आमचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच घर. तिन्ही बाजूंनी ऊस. थंडीत उसाला पाणी चालू असलं की घरात अशी ओल येते की पांघरुणंसुद्धा दमट लागतात. पण त्या वर्षी मला भर थंडीत उकडायचं. वयच ते होतं. अंगातून वाफा निघायच्या आणि मी अर्धवट झोपेतच उठून पलंगाजवळची खिडकी उघडायची. त्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि माझे यजमान खाली फरशीवर पडलेले होते. तोंड वाकडं, उजवा हात अंगाखाली अडकलेला. माझी किंकाळी ऐकून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी आधी लेकाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

“खिडकी कुनी उघडली?”

मी गप्प. मला खरंच आठवत नव्हतं. उघडली असेल, रोजच तर उघडायचे. पंचवीस वर्षं शाळेत पोरांना दरडावलेली बाई मी, आणि नेमकी तिथे माझी दातखीळ बसली. त्या गप्प बसण्यालाच पुढे कबुली धरण्यात आलं.

ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी आत्यांनी खिडक्या बंद केल्या. पलंगाजवळची तर कायमची. फटींत चिंध्या कोंबल्या, वर जाड पडदा लावला. मीही काही बोलले नाही. नोकरीची सहा वर्षं बाकी असताना मी शाळा सोडली आणि त्या खोलीत जाऊन बसले. मला सांगा, कोणत्या तोंडाने बोलणार होते? गुठळी हा शब्द मला ठाऊक होता, रक्तदाबाच्या गोळ्या हे विसरायचे तेही ठाऊक होतं. पण पहाटे डोळा लागेना झाला की आतून कोणीतरी विचारायचंच, खिडकी कोणी उघडली?

ह्यांचं श्रीरामपूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी हे नुसत्या वासावरून ओळखायचे. बोलायलाही तेवढेच फटकळ. आता उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळं समजायचं, पण शब्द यायचा नाही, लिहिताही यायचं नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई नगरहून येत, त्यांनी वर्षभर घासून चार शब्द बसवले. मी, आई, चहा, नको. चार शब्दांवर माणसाने संसार करायचा. बघा करून.

त्यातला ‘मी’ ह्यांना सगळ्यांत आधी आला. आणि तो आल्यापासून एक नवीनच सुरू झालं. डावा हात खिडकीकडे करायचे आणि म्हणायचे, “मी. मी.” डोळ्यांत पाणी यायचं. आत्या लगबगीने उठायच्या. “बघ, बघ कसा भ्यालाय. वारं लागतंय त्याला तितनं. खिडकीकडं बगितलं तरी कापतंय लेकरू.” आणि आणखी एक चिंधी घेऊन फटीत कोंबायच्या. हे मान हलवायचे, “नको, नको,” म्हणायचे, तर त्याचाही अर्थ आम्ही लावला, वारं नको. दुसऱ्या थंडीत तर मी स्वतः देवळालीतून खाकी चिकटपट्टी आणली आणि खिडकीच्या चारी कडांना लावली. मला वाटलं, मी ह्यांची काळजी घेतेय.

बंद घर कसं असतं ते कोणी पुस्तकात लिहून ठेवलेलं नाही, म्हणून सांगते. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असतं. कपाटामागे हिरवी-काळी बुरशी चढते, पुसली तरी चार दिवसांत पुन्हा. तेलाचा, औषधाचा, दुधाचा, अंथरुणाचा असे सगळे वास एकमेकांत मिसळून त्यांचा एकच वास होतो आणि तो आपल्या केसांत बसतो. मी भाजी आणायला म्हणून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावर उभी राहून नुसता श्वास घ्यायचे. लोक विचारायचे, “काय बाई, कोनाची वाट बघताय?” काय सांगू, डोंबल? घर अंगावर येतं म्हणतात ना, तसं ते रोज सकाळी माझ्या अंगावर यायचं.

मग ह्यांची छाती भरली. एकदा पावसाळ्यात, एकदा दिवाळीनंतर. दुसऱ्या वेळी डॉक्टर घरीच आले, खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थबकले. म्हणाले, “मॅडम, ही खोली आहे की पेटी? हवा खेळती ठेवा. तिसऱ्यांदा छाती भरली तर मी जबाबदारी घेणार नाही.” आत्यांना ते ऐकू गेलं. डॉक्टर गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांच्या घरी गेलंय का कुनाच्या अंगावरनं वारं? मी जित्ती हाय तोवर ती खिडकी उघडायची न्हाई.” ऐंशीच्या घरातली बाई. आणि जित्ती राहण्याचा त्यांचा निश्चय दांडगा.

म्हणजे खिडकी उघडली तर त्या बोलणार, ह्यांना काही झालं तर जन्मभर माझ्या नावावर. नाही उघडली तर छाती भरणार, तेही माझ्याच नावावर. मी दोन्हीकडून कोंडलेली.

वाट दाखवली लेकीने. ती बाहेरदेशी असते, बर्फ पडतं अशा गावात. व्हिडिओवर माझा अवतार बघून म्हणाली, “मम्मी, आमच्याकडेही सहा महिने खिडकी उघडत नाहीत. पण भिंतीत मशीन असतं. आतली कोंदट हवा बाहेर टाकतं, बाहेरची ताजी आत घेतं, आणि जाणाऱ्या हवेची ऊब काढून येणाऱ्या हवेला देतं. थंडी वाजत नाही.” मी तिला दोनदा बोलायला लावलं. खिडकी न उघडता हवा! आत्यांच्या शपथेला धक्का नाही, डॉक्टरांचंही ऐकल्यासारखं. मला इतका आनंद झाला की मी दुधाचं पातेलं गॅसवर विसरले.

आता हे यंत्र इथे निवडायचं म्हणजे काय दिव्य होतं ते ऐका. आधी बेलापूरचा आमचा नेहमीचा वायरमन आला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, कशाला एवढं? एग्झॉस्ट बसवून टाकू.” स्वयंपाकघरात बसवलाही. पंखा हवा बाहेर फेकायला लागला, पण घराला सगळीकडून बूच मारलेलं, आत हवा येणार कुठून? ती आली मोरीच्या जाळीतून. अर्ध्या तासात सबंध घरात मोरीचा वास. आत्यांनी नाकाला पदर लावला, आणि हे अंथरुणातून पंख्याचा आवाज कान देऊन ऐकत होते, ते म्हणाले, “नको.” बेअरिंग खराब होतं, हे मला दुसऱ्या दिवशी वायरमनने कबूल केलं. ह्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

मग पुण्याहून एक साहेब मोबाईलवर चित्रं पाठवत राहिले. मोठी पेटी छतावर बसवायची, तिथून प्रत्येक खोलीत नळ्या फिरवायच्या, आणि नळ्या झाकायला खालून खोटं छत करायचं. त्या पेटीत जाणारी आणि येणारी हवा शेजारशेजारून जाते, मिसळत नाही, मध्ये फक्त पातळ पडदे असतात. शेतातले दोन पाट एका बांधाला लागून वाहावेत तसं. मला ते आवडलं. पण छत दीड फूट खाली येणार म्हटल्यावर मी पलंगावर आडवी होऊन वर पाहिलं. आधीच जीव घुसमटतोय, त्यात आणखी दीड फूट! मीच म्हटलं, नको. ह्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. फार दिवसांनी आमचं एकमत झालं.

तिसरा माणूस श्रीरामपूरचा निघाला. चाळिशीचा, एसीची कामं करणारा फिटर, ह्यांच्या दुकानात पूर्वी जळालेल्या मोटारींची तार भरून घ्यायला यायचा. त्याच्याकडे वेगळाच प्रकार होता. भिंतीत आरपार बसणारी जाड नळी, आत छोटा पंखा आणि भाजलेल्या मातीचा गोळा, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. मिनिटभर पंखा आतली हवा बाहेर सोडतो, तिच्या उबेने गोळा तापतो. मग पंखा उलटा फिरतो आणि बाहेरची हवा त्या तापल्या गोळ्यातून आत येते. अशा दोन नळ्या लागतात, एक सोडते तेव्हा दुसरी घेते. ऊस पेटवला की काळी राख उडते आणि कारखाना सुरू झाला की काजळी, त्यासाठी जाळी, ती महिन्याला धुवायची. खोटं छत नको, काही नको. फक्त भिंतीला दोन गोल भोकं.

तो नमुना घेऊन आला तेव्हा आत्या माळ बाजूला ठेवून पुढे सरकल्या. त्याने त्यांना गोळा हातात दिला. “आजी, ह्यो मातीचा गोळा हाय ना, ह्योच थंडी अडवतो.”

आत्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “म्हंजे इटंचा शेक,” त्या म्हणाल्या. बाळंतिणीला वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायच्या, ते त्यांना आठवलं असणार. मी थक्क झाले. मला जे समजायला लेकीला दोनदा बोलावं लागलं ते ह्या बाईने तीन शब्दांत गुंडाळलं.

“पर वारं येतंय का त्यातनं?”

“वारं न्हाई आजी. नुसती हवा येती.”

“हवा म्हंजेच वारं की रं.”

“न्हाई आजी. वारं अंगावर येतं. हवा नुसती घरात येती.”

आत्यांना हे पटलं नाही, पण झिडकारताही येईना. त्या उठल्या, देवापुढचं निरांजन घेऊन आल्या आणि पेटवून टेबलावर ठेवलं. ज्योत हलली तर वारं, न हलली तर हवा. झाला निकाल! पुण्याच्या साहेबांना असली परीक्षा सुचली नसती. फिटरने नळी टेबलावर आडवी ठेवून चालू केली. ज्योत वाकली. “बघ!” आत्या ओरडल्या. त्याने निरांजन दोन हात मागे नेलं. ज्योत थोडी थरथरली. पलंगाच्या उशाशी नेलं, तर ज्योत सरळ. आम्ही सगळे त्या ज्योतीकडे डोळे लावून बसलो होतो. ह्यांनी डावा हात पुढे केला, फिटरने नळी जवळ आणली. ह्यांनी तळवा तिच्यावर ठेवला, डोळे मिटले, पंखा थांबून उलटा फिरला तो क्षण टिपला आणि मान डोलावली. मोटार पास.

मला वाटलं, सुटलो. सुटले मी. ह्या आठवड्यात भोकं पडतील, मी रात्रभर श्वास घेईन, आणि त्या खिडकीचा विषय पुन्हा निघणार नाही.

आणि तेवढ्यात त्या भल्या माणसाने काय करावं? “आजी, आता खरं वारं कसं असतं त्ये बी बघा, म्हंजे फरक कळंल,” असं म्हणत त्याने खिडकीचा पडदा सारला आणि चिकटपट्टीचं एक टोक धरून टरकन ओढलं. वरच्या कोपऱ्यातून गार हवेची सुरी आत आली. निरांजन भप्पकन विझलं.

“आरं बंद कर! बंद कर मुडद्या!” आत्या उठून उभ्या राहिल्या. “पुन्यांदा वारं घालतो का त्याच्या अंगावरनं? एकदा हिनं उघडली, तवा ही दशा झाली माझ्या लेकराची! हिनंच उघडली व्हती!”

दोन वर्षांत त्या हे माझ्या तोंडावर कधी बोलल्या नव्हत्या. डोळ्यांनी बोलायच्या, चिंध्यांनी बोलायच्या. आता बोलल्या, तेही परक्या माणसासमोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“हो, मीच उघडली!” मी ओरडले. “मीच! मीच आडवं केलं तुमच्या लेकाला! झालं समाधान? लिहून देऊ?”

फिटर बिचारा चिकटपट्टी हातात धरून उभा. आणि पलंगावरून आवाज आला.

“नको.”

आम्ही वळलो. ह्यांचा चेहरा लाल झाला होता. “नको,” पुन्हा म्हणाले, माझ्याकडे बघून. मग डाव्या हाताने छातीवर थापटी मारली. “मी.”

आत्या म्हणाल्या, “व्हय रं बाळा, लावती, आत्ता लावती खिडकी.” आणि त्या खिडकीकडे निघाल्या, हातात चिंधी घेऊनच. तेव्हा हे जोरात ओरडले. शब्द नव्हता तो, नुसता आवाज होता, पण आत्या जागीच थांबल्या. एरवी आधार धरून मोरीपर्यंतच जाणारे हे स्वतःहून उठायला लागले. मी धरायला गेले तर मला झटकलं आणि फिटरच्या खांद्यावर हात ठेवून उठले. चार पावलं पलंगापासून खिडकीपर्यंत. त्या चार पावलांना किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही.

खिडकीपाशी उभे राहून त्यांनी आधी गळ्याला हात लावला, तोंड उघडून, श्वास कोंडल्यासारखं केलं. मग हात वर नेऊन खिट्टी ओढली आणि दार ढकललं. उरलेली चिकटपट्टी फाटत गेली, दार उघडलं. बाहेरचा गार वारा आला, ओल्या उसाचा वास आला. ह्यांनी छातीवर हात ठेवला. “मी.” मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि सोडून दिला. तो लटकन खाली पडला.

त्या पहाटे ह्यांना गुदमरलं होतं. ह्यांनी उठून खिडकी उघडली होती. ती उघडल्यावर हे पडले. म्हणजे जे काही व्हायचं ते आधीच सुरू झालं होतं. मी झोपलेली होते. मी काहीच केलेलं नव्हतं.

मला रडू यायला हवं होतं. आला राग. दोन वर्षं! शाळा गेली माझी, झोप गेली. आरशात बघायची लाज वाटायची. आत्या मटकन पलंगावर बसल्या.

“आरं मंग दोन वर्सं बोलला का न्हाईस रं?”

मला ते उत्तर ठाऊक होतं.

“बोलत होते, आत्या,” मी म्हटलं. “रोज बोलत होते.”

मशीन पुढे आठवड्याने बसलं, तीच नळ्यांची जोडी. थंडीत, आणि ऊस पेटवतात त्या दिवसांत ते लागतंच. पण त्या दिवशी फिटर गेल्यावर मी आधी उघड्याच राहिलेल्या खिडकीच्या चौकटीतल्या चिंध्या उपसायला बसले. दाबून दाबून भरलेल्या, ओलीने कडक झालेल्या. एकेक ओढून काढली आणि एकेक ओळखत गेले. ही आत्यांच्या लुगड्याची, ‘मी’ हा शब्द नवा नवा आला तेव्हाची. ही ह्यांच्या बनियनची. संक्रांतीच्या सुमाराला हे दोन दिवस जेवले नव्हते, नुसतं खिडकीकडे हात करून रडत होते, तेव्हाची. ही माझ्या पिवळ्या साडीची, ती मी कोंबली होती, मी माझ्या हाताने. हा माणूस प्रत्येक वेळी सांगत होता की माझ्या बायकोचा दोष नाही, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्याच्या तोंडात एक बोळा कोंबत होतो.

हे खिडकीपाशी खुर्चीत बसून बघत होते. खालच्या कोपऱ्यातली शेवटची चिंधी निघेना, तेव्हा आत्या उठून आल्या, माझ्याशेजारी फरशीवर बसल्या आणि त्यांच्या वाकड्या बोटांनी ती ओढायला लागल्या. निघाली. त्यांनी ती हातात धरून ठेवली, टाकली नाही.

“निरांजन लावू का परत?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “वारं हाय.”